एकतिसावं पान

१

"मोज गो बाय, मोज. पन हातात घेऊन मोज."

बारा वर्षं झाली या बोलण्याला. मुरबाडच्या त्या कॉलेजात हर्षाली तेव्हा नवी नवी ग्रंथपाल लागली होती. वर्षअखेरची पुस्तकांची मोजणी चालली होती. ती कपाटापुढं उभी राहून बोटानं हवेत टिपत होती, एक, दोन, तीन. दाराशी एक म्हातारी पाय पसरून बसली होती. डोळखांबच्या डोंगरातली, बुधी आगिवले. तिच्या पुतणीनं, संजीवनीनं, भातावर लेख लिहिला होता, तो छापून आलेला बघायला ती दोन जीपा बदलून आली होती.

"बी कोन लांबून मोजतं का?" म्हातारी म्हणाली होती. "हातात घेतलं का कळतं, भरलेलं हाय का पोचट."

हर्षाली हसली होती आणि तशीच लांबून मोजत राहिली होती.

आता, इतक्या वर्षांनी, शनिवारी सकाळी कार्यालयातल्या लोखंडी कपाटापुढं उभी असताना हाच आवाज तिच्या कानाशी आला. कपाट उघडं होतं. मधल्या खणात दोन फायली असायला हव्या होत्या, होती एकच.

"काल पाचला मी कुलूप घातलं तवा दोन्ही होत्या," हनुमान म्हणाला. हनुमान कार्यालयातला जुना लिपिक. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आगिवलेबाईंची गेली. पंकजसरांची हाय."

वनस्पतिशास्त्राच्या एकाच कायम जागेसाठी सोमवारी अकराला मुलाखती होत्या. उमेदवार दोन. संजीवनी आगिवले बारा वर्षं तासांवर शिकवत होती. जेवढे तास, तेवढा पगार, आणि सुट्टीत तोही नाही. याआधी दोनदा मुलाखत देऊन ती घरी गेली होती. पुढच्या वर्षी तिचं नोकरीचं वय उलटणार होतं. फाइल नसेल तर मुलाखत नाही, असा समितीचा दंडक होता.

प्राचार्यांनी हर्षालीला बोलावून घेतलं. "पोलीसबिलीस नको. गावभर बोभाटा होईल. कागदांची तुम्हाला सवय आहे, तुम्हीच बघा. सोमवारच्या आत."

कपाटाचं कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली नेहमीच्या जागी, एसटीच्या वेळापत्रकामागच्या खिळ्याला होती. ती जागा कॉलेजातल्या मांजरालाही ठाऊक होती. ज्यानं कुणी फाइल नेली त्यानं कपाट परत लावून, किल्ली परत टांगून, सगळं घरच्यासारखं आवरून ठेवलं होतं.

हर्षाली वाकली. जिथं फाइल उभी होती तिथं, लोखंडी खणाच्या मधोमध, मूठभर भात होतं. तांबूस टरफलाचं, लांब कुसाचं.

"उंदरानं आनलं असंल," हनुमान म्हणाला.

"उंदीर भात नेतो, हनुमान. आणून ठेवत नाही."

२

पंकज कँटीनमध्ये चहा पीत बसला होता. त्याला बातमी आधीच लागली होती.

"या मॅडम, पहिला संशयित हजर आहे," तो म्हणाला. "काल सहापर्यंत प्रयोगशाळेतच होतो. किल्ली कुठं असते तेही माहीत आहे. आता बेड्या घाला."

"फाइल तुम्ही नेलीत?"

"मी? मॅडम, तुमच्याच कागदावर माझी चौऱ्याहत्तर आहेत आणि संजीवनीबाईंची नऊ. नऊवाल्याची फाइल मी चोरू? मी तर ती फ्रेम करून भिंतीला लावीन."

आकडे खरे होते आणि ते हर्षालीनंच काढलेले होते. एखाद्याचा लेख दुसऱ्या कुणी आपल्या लेखात आधाराला घेतला की पहिल्याच्या नावावर एक सायटेशन चढतं. उमेदवाराच्या नावावर किती चढली ते संगणकावर मोजून कागदावर लिहून द्यायचं, हे काम ग्रंथपालाचं. समितीतली मोठी माणसं लेख वाचत नसत. तेवढा वेळ कुणाला? ती कागदावरचा आकडा वाचत. नऊ आणि चौऱ्याहत्तर यांतलं मोठं कोणतं, हे कळायला काही वाचावं लागत नव्हतं.

"तुमच्या चौऱ्याहत्तरातली निम्मी तुमच्याच मित्रांची आहेत," हर्षाली म्हणाली.

"मग? लग्नात आहेर कोण करतं, शत्रू?" पंकज मोकळेपणानं हसला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पण मॅडम, एक खरं सांगतो. बाईंना वाईट वाटेल असं मला काही करायचं नव्हतं. शर्यत मी जिंकलेलीच होती. कोण कशाला पाय घालील?"

हेच तर कोडं होतं. हरणाऱ्याची फाइल चोरून कुणाचं काय भलं होणार?

ती कार्यालयात परत आली आणि हनुमानकडून आवक रजिस्टर मागून घेतलं. कुठल्या दिवशी कुठला कागद आला आणि कुणाच्या फायलीत किती पानं झाली, ते हनुमान सुवाच्य अक्षरात लिहून ठेवी. संजीवनीच्या नावापुढं पानं तीस असं लिहून खोडलं होतं. शेजारी गुरुवारची तारीख आणि आकडा होता, एकतीस.

"हे एकतिसावं काय?"

हनुमाननं मान खाजवली. "विशेसरांनी आनून दिलं. शंभराचा स्टँपपेपर व्हता. मी वाचला नाय मॅडम. पन बाईंनी सही करताना पेन दोनदा खाली ठेवला."

३

विशेसर विभागप्रमुख. संजीवनीच्या त्या भाताच्या लेखावर तिसरं नाव त्यांचं होतं. शनिवारी दुपारी ते घराच्या पडवीत वाल निवडत बसले होते.

"हो, मीच आणला स्टँपपेपर," त्यांनी लपवलं नाही. "आणि तिच्या भल्याचंच केलं. तुलाच गुरुवारी सकाळी विचारलं होतं ना मी, बुधीबाईचं नाव पहिलं नसतं तर संजीवनीचे किती झाले असते?"

विचारलं होतं. हर्षालीनं मोजून सांगितलं होतं, तीनशे सत्तावीस.

गोम त्या एका लेखात होती. डोळखांबच्या पाड्यांवर जुनी भातं कशी राखतात, यावरचा तो लेख देशोदेशीच्या तीनशे अठरा लोकांनी आधाराला घेतला होता. त्यावर तीन नावं होती. पहिलं बुधी आगिवले, दुसरं संजीवनी आगिवले, तिसरं विशेसर. कॉलेजातली मोजणी फक्त पहिल्या नावाची होई. त्यामुळं तीनशे अठराच्या तीनशे अठरा एका निरक्षर म्हातारीच्या खात्यावर पडली होती, जिला कुठलीच नोकरी नको होती आणि जी आता या जगातही नव्हती. संजीवनीला उरली होती तिच्या इतर लेखांची नऊ.

"मी तेव्हाच म्हणालो होतो, म्हातारीचं नाव शेवटी आभारात टाक. ऐकते कुठं! म्हणे, आमच्यात थोरल्याच्या आधी आपलं नाव घेत नाहीत." विशेसरांनी एक किडका वाल अंगणात फेकला. "बारा वर्षं भोगली ती रीत. म्हणून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. बुधी आगिवले यांनी फक्त तोंडी माहिती दिली, त्यांचं नाव नजरचुकीनं पहिलं छापलं गेलं, लेख माझा आहे. झालं. मेलेल्या माणसाला बढती लागत नाही, हर्षाली."

"आणि तिसरं नाव दुसरं झालं असतं."

ते पुन्हा वाल निवडू लागले. "झालं असतं तर काय? मी चोर नाही. जो कागद मी केला तोच मी कशाला पळवीन?"

तेही बरोबर होतं. "पंकजला या कागदाचं ठाऊक होतं?"

"त्याला सांगून त्याची झोप कशाला घालवू? समितीपुढंच बॉम्ब पडणार होता."

परतताना भर उन्हात हर्षाली मधेच थांबली. सगळे हरणाऱ्याची फाइल गेली म्हणून हळहळत होते. गुरुवारपासून ती फाइल जिंकणाऱ्याची होती. ते ज्यांना ठाऊक होतं त्यांत संजीवनीच्या वाईटावर कुणीच नव्हतं, आणि जो तिच्या विरोधात होता त्याला ते ठाऊक नव्हतं.

४

ग्रंथालयात कुणी नव्हतं. हर्षालीनं संगणक लावला आणि मोजणीचं पान उघडलं.

त्या पानाच्या डोक्यावर तीन गोल होते. पहिला, फक्त पहिल्या लेखकाला मोजा. दुसरा, सगळ्या लेखकांना पूर्ण मोजा. तिसरा, सगळ्यांत सारखं वाटून मोजा. पहिल्या गोलात टिंब आधीच असे. तिनं दुसऱ्यावर बोट दाबलं. संजीवनी, तीनशे सत्तावीस. तिसऱ्यावर दाबलं. तीनशे अठराचा तिसरा वाटा एकशे सहा आणि तिचे एकटीचे नऊ, एकशे पंधरा. पंकजचा आकडा दुसऱ्या गोलात एकोणनव्वद झाला, तिसऱ्यात बावीस. पहिलं माप सोडलं तर उरलेल्या कुठल्याही मापानं संजीवनी पुढं होती, म्हातारीचं नाव जागचं न हलवता.

हर्षालीला नवल वाटलं नाही. तिनं फक्त खुर्ची जरा मागं घेतली.

मग तिनं निवडीच्या नियमांचं परिपत्रक काढलं. त्यात लिहिलं होतं, उमेदवाराच्या सायटेशनची संख्या नोंदवावी. कोणत्या लेखकाची, कशी, याबद्दल एक अक्षर नव्हतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि घडी घातली.

फोन वाजला. प्राचार्य होते. "काही हाती लागलं?"

"अजून नाही, सर."

"आणि ते पहिल्या लेखकाचंच मोजायचं, नियमातच आहे ना ते? समितीतलं कुणी विचारलं तर म्हणून."

बाहेर माळी झाडांना पाणी घालत होता, त्या नळीचा आवाज येत होता. "आपल्याकडं तसंच मोजतात, सर," हर्षाली म्हणाली.

फोन ठेवून ती मागच्या कपाटाशी गेली. भाताचा लेख छापलेला तो अंक तिथं होता. मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली, वाचायला कुणी कधी नेला त्याच्या तारखांची चिठ्ठी कोरी होती. बारा वर्षांत कॉलेजातल्या कुणी तो नेला नव्हता. तिनं स्वतः तो लेख तीन मुलाखतींच्या वेळी मोजला होता, वाचला एकदाही नव्हता. आता ती जमिनीवर बसली आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

बुधी कुठलं बी कुठल्या कणगीत ठेवी, कुठल्या राखेत घोळवी, कुसावरून जात कशी ओळखी, सगळं होतं. पेरणीला बी काढताना म्हणायचं गाणंही होतं, म्हातारीच्या बोलीत जसंच्या तसं.

*पयली मूठ कुनाची गो, राखल्या त्या हाताची*
*दुसरी मूठ मातीची गो, तिसरी मूठ पोटाची*

आणि त्याखाली दोन ओळी. साठवणीतून काहीही काढलं, तर काढल्या जागी त्याच घरच्या भाताची एक मूठ ठेवतात. जागा रिती सोडून जाणं हे चोराचं लक्षण मानतात.

हर्षालीनं ते वाक्य बोट ठेवून वाचलं. ती मूठ संजीवनीवर आळ यावा म्हणून दुसऱ्या कुणी ठेवली असेल का? त्यासाठी त्यानं आधी हा लेख वाचायला हवा होता.

रविवारी सकाळी ती शहापूरहून डोळखांबच्या जीपमध्ये बसली.

५

पाड्यावर नाचणीची मळणी चालली होती. संजीवनीची आई, बाईजा, सूप खाली ठेवून पुढं आली. "या बाय. संजी, तुझ्या कालेजाच्या बाय आल्या गो."

संजीवनी घरातून आली, हर्षालीला पाहून उंबऱ्यातच थांबली. मग आत वळून तिनं फाइल आणली आणि घोंगडीवर ठेवली.

"तीस पानं आहेत," ती म्हणाली. "मोजून घ्या."

"एकतिसावं?"

"चुलीत."

तिघी बसल्या. बाईजानं कोरा चहा ठेवला. खळ्यावर फिरणाऱ्या बैलांच्या गळ्यातली घंटा जवळ येई, लांब जाई.

"भात दिसलं तेव्हा कळलं का?" संजीवनीनं विचारलं.

"लेख वाचला तेव्हा कळलं. फाइल गेली तर ज्याचा फायदा, त्याला एकतिसाव्या पानाचा पत्ता नव्हता. पत्ता होता त्यात विशेसर. त्यांनीच ते केलेलं. आणि हनुमाननं वाचलंही नव्हतं. राहिलीस तू. जिंकायला लागल्यावर आपलीच फाइल कुणी नेईल, हे मात्र मनात बसत नव्हतं. एक पानच फाडून घ्यायचं होतंस."

"हनुमानदादानं एकतीस लिहिलेलं. एक कमी निघालं असतं तर त्याच्यावर गेलं असतं; अख्खी फाइल गेली तर चोरावर जातं." संजीवनी कडवट हसली. "मूठ कधी ठेवली ते मला आठवतही नाही, ताई. विद्यार्थ्यांना दाखवायला भात होतं पिशवीत. कपाटातून काढलं आणि हात आपोआप गेला. चोरी करायला गेले, ती पण रीतीनं."

"सही का केलीस मग?"

"बारा वर्षं तास मोजून पगार घेतला. घराची कौलं उतरलीत. आय थकलीय." ती बोलताना मळणीकडं बघत होती. "सही केली तेव्हा वाटलं, बुधीआयला काय कळणार आहे. रात्रभर त्या कागदातली ओळ कानात वाजत राहिली. फक्त तोंडी माहिती दिली. ताई, त्या लेखातलं माझं काय आहे? इंग्रजी माझं. बाकी चाळीस वर्षं बी राखलं ते तिनं. मी तिला आधी घेतलं ते लाडानं नाही घेतलं. तसंच होतं ते."

बाईजा मधेच बोलली. "तिला कळत व्हतं समदं." तिनं चहा गाळायचं थांबवलं. "दुसऱ्यांदा ही हरून आली ना, तवा कोनीतरी सांगितलं, म्हातारीचं नाव पुढं हाय म्हनून पोरीचं मोजत नाय. तवापासून बुधीबाय खचली. खाटेवर पडली तरी एकच. माझ्या नावानं पोरीचा घास खाल्ला. ते नाव पुसा रे माजं. आमी म्हनायचो, नाय गो आय, तसं काय नसतं. पन पटलं नाय तिला. तेच बोलत गेली."

बाईजानं कप पुढं केले. हर्षालीनं कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"तुमी नका वाईट वाटून घेऊ, ताई," संजीवनी म्हणाली. "उद्या येते मुलाखतीला. नऊ तर नऊ. पंकज वाईट नाही. नियम आहे तर आहे, तुमी तरी काय करणार?"

वाटेवर जीपचा हॉर्न वाजला. दुपारची ती एकच जीप होती. हर्षाली उठली, फाइल पिशवीत घातली, एका पायात चप्पल चढवली. बाईजानं तिच्या पिशवीत नाचणीची पुडी सरकवली. "घिऊन जा. एवढ्या लांब आलीस पोरीसाठी."

हॉर्न पुन्हा वाजला. हर्षाली खाली बसली. चप्पल काढून बाजूला ठेवली.

"जीप जाईल, ताई."

"जाऊ दे." ती संजीवनीकडं न बघता बोलू लागली. "पहिल्याच नावाचं मोजायचं असा नियम कुठं नाही. मोजायच्या तीन तऱ्हा आहेत. संगणकावर पहिली आधीच लागलेली असते, ती मी कधी हलवली नाही. दुसरीनं तुझे तीनशे सत्तावीस होतात, तिसरीनं एकशे पंधरा. बुधीआयचं नाव पहिलं ठेवूनच. उद्या मी तिन्ही आकडे लिहीन, आणि आजवर काय लिहिलं तेही समितीपुढं सांगेन."

जीप पाड्याखालच्या वळणावरून निघून गेली. संजीवनीनं आईकडं पाहिलं, मग हर्षालीकडं. तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गात शंका विचारावी तसा.

"हे तुमाला काल कळलं का, ताई?"

हो म्हटलं असतं तर तिनं ते खरं मानलं असतं.

"नाही," हर्षाली म्हणाली. "तुझ्या दुसऱ्या मुलाखतीच्या आधीच कळलं होतं. आकडे लहान होते, पण तेव्हाही तूच पुढं होतीस. तेव्हा बोलले असते तर पहिल्या वेळची माझी चूक निघाली असती, म्हणून गप्प बसले. बुधीआय तेव्हा चांगली हिंडतीफिरती होती."